ब्लॅकपूलचा धडा आणि मालवणचा किनारा

१९९१ सालच्या दिवाळीच्या सुटीत मी प्रथम समुद्र पाहिला. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांच्या एका सहकाऱ्याचे मूळ घर मालवणजवळ होते आणि ‘चार दिवस मुलांना घेऊन या’ हे त्यांचे आमंत्रण आम्ही शब्दशः खरे मानले. गगनबावड्यावरून करूळचा घाट उतरणाऱ्या एस. टी. त बसून आम्ही संध्याकाळी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या घरच्या आजोबांनी आम्हां भावंडांस किनाऱ्यावर नेले. रापण ओढणे चालू होते. होडीतून अर्धवर्तुळात टाकलेल्या भल्यामोठ्या जाळ्याची दोन टोके किनाऱ्यावर दोन बाजूंना उभी असलेली चाळीसपन्नास माणसे ओढीत होती. आजोबांनी माझ्याही हातात दोर दिला. मी कितपत ओढले हे सांगणे कठीण आहे. परंतु जाळे वाळूवर येऊन वाटे पडले तेव्हा एका बाईने चार बांगडे माझ्यापुढे केले. ‘दोरीक हात लावलंस मां? मगे वाटो घे,’ असे ती म्हणाली. माझ्या आयुष्यातील ते पहिले उत्पन्न होय.

गेल्या दिवाळीनंतर महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या अभ्यास सहलीबरोबर त्याच किनाऱ्यावर जाण्याचा योग आला. रस्ता रुंद झाला आहे, गावात वीज आहे, प्रत्येक घरी शौचालय आहे. ज्या घरात आम्ही सतरंजीवर झोपलो होतो, त्याच्या मागे त्या कुटुंबाने चार खोल्या बांधल्या असून निवास-न्याहारी योजनेखाली पाहुणे उतरतात. शेजारचे आवार मात्र विकले गेले आहे. तेथे उंच भिंत आहे आणि मालक कोण हे गावातील कोणासही नीट सांगता आले नाही. वाळूवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, छत्र्या आणि पाण्यावर घरघरणाऱ्या यांत्रिक होड्या. रापणीचे लोक हे सारे आटोपण्याची वाट पाहत बाजूस बसले होते. ‘आता जाळे टाकायला जागा मागून घ्यावी लागते,’ असे त्यांतील एका म्हाताऱ्याने सांगितले. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. बदललेल्या हवामानाविषयी बोलावे तसा तो बोलत होता.

अशा प्रसंगी ‘गेले ते दिवस’ असे म्हणून हळहळणे सोपे असते. आम्हां पगारदार माणसांस तर ते फारच सोपे असते. म्हणून प्रथम हे कबूल केले पाहिजे की १९९१ चा जो निर्मळ, निर्मनुष्य किनारा मला आठवतो, त्याची निर्मनुष्यता ही तेथील दारिद्र्याची दुसरी बाजू होती. किनारा रिकामा होता, कारण गावही रिकामे होते. त्या घरातील दोन्ही मुलगे मुंबईस होते; घरात होती ती म्हातारी माणसे, सुना आणि लहान मुले. आम्हांस जे सृष्टिसौंदर्य वाटले, ते त्यांच्या दृष्टीने महिन्याच्या मनीऑर्डरीची वाट पाहण्याचे ठिकाण होते. तेव्हा प्रश्न जुना किनारा परत कसा आणावा हा नाही. मनीऑर्डरीच्या जागी आता पर्यटकाचे पाकीट आले आहे. ते किती काळ पुरेल आणि त्यातील कितीसा भाग किनाऱ्यावरच्या माणसाच्या हाती उरेल, हा खरा प्रश्न आहे.

मनीऑर्डरीचा प्रदेश

कोकणाचे अर्थकारण शंभर वर्षे मुंबईच्या गिरण्यांवर उभे होते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून मिटल्या. लालबाग-परळात चूल विझली तिचा धूर कणकवली-कुडाळपर्यंत गेला. नव्या जिल्ह्याला नवा आधार शोधणे भाग होते. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे राष्ट्रास अर्पण झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना जागतिक वारसास्थळांचा मान मिळाला, त्यांत आपल्या पन्हाळ्याबरोबर सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गही आहेत. येणाऱ्यांची संख्या यापुढे वाढणार, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

परंतु एक आकडा या उत्साहाच्या चित्रात बसत नाही. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ च्या जनगणनेत ती ८,४९,६५१ भरली. शेजारच्या रत्नागिरीचीही लोकसंख्या त्याच दशकात घटली. पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यानंतरचे, रेल्वे आल्यानंतरचे हे पहिले पूर्ण दशक. पाहुणे वाढत होते आणि यजमान कमी होत होते. एका दशकाच्या आकड्यांवरून अंतिम निष्कर्ष काढू नये, हे मी विद्यार्थ्यांस नेहमी सांगतो. लहान कुटुंबे आणि घटता जन्मदर हेही त्याचे कारण आहे. तरीही पर्यटन आले म्हणजे गावचा मुलगा गावात राहील, ही जी सरळ बेरीज आपण मांडतो, ती इतकी सरळ नाही, एवढे या आकड्यांवरून निश्चित दिसते.

लँकेशायरचे चाकरमानी

ब्रिटनचा आर्थिक इतिहास शिकविताना मला या प्रश्नाचे जणू पुढचे प्रकरण वाचावयास मिळाले. समुद्रकिनाऱ्यावर सुटी घालविण्याची कल्पना ज्या देशाने जगाला दिली, त्या देशातील किनाऱ्यावरच्या गावांची कथा मालवण-वेंगुर्ल्यास उपयोगी पडावी अशी आहे.

समुद्रस्नानाने प्रकृती सुधारते या समजुतीने अठराव्या शतकात इंग्रज धनिक किनाऱ्यावर जाऊ लागले. त्यांच्या मागोमाग रेल्वेने सामान्य माणूस तेथे नेला. १८४१ मध्ये लंडनहून ब्रायटनला गाडी सुरू झाली, १८४६ मध्ये ब्लॅकपूलला रूळ पोहोचले. लँकेशायरच्या कापडगिरण्यांच्या गावांत वर्षातून एक आठवडा यंत्रे बंद ठेवण्याची प्रथा होती. त्या आठवड्यात सबंध गावच्या गाव ब्लॅकपूलला लोटत असे. तीच गल्ली, तेच शेजारी, फक्त समोर समुद्र. आपला चाकरमानी गणपतीस कोकणात जातो त्याची आठवण यावी असे हे दृश्य होते. फरक इतकाच की आपला चाकरमानी स्वतःच्या घरी जातो, लँकेशायरचा कामगार भाड्याच्या खोलीत उतरत असे. १८९४ साली ब्लॅकपूलला पाचशे फुटांहून उंच मनोरा उभा राहिला. १९३८ च्या कायद्याने पगारी रजेचे तत्त्व मान्य झाले आणि महायुद्धानंतरची काही वर्षे तर या गावांच्या भरभराटीस सीमा नव्हती. त्या काळी लहान मुले असलेली जी पिढी आज वार्धक्यात आहे, तिच्या आठवणींत गाढवांवरची रपेट, वाळूतील किल्ले आणि खोलीमालकिणीचा कडक शिस्तीचा धाक अजून जिवंत आहे.

मग १९६० नंतर दोन गोष्टी एकदम घडल्या. लँकेशायरच्या गिरण्या परदेशी कापडापुढे टिकल्या नाहीत आणि स्वस्त विमानप्रवासामुळे स्पेनचा हमखास उन्हाचा किनारा इंग्रज कामगाराच्या आवाक्यात आला. ज्याच्या पाकिटावर गाव जगत होते, तो एकतर बेकार झाला किंवा दुसरीकडे निघून गेला. ब्लॅकपूलच्या लोकांची यात काहीही चूक नव्हती. त्यांचा समुद्र आटला नव्हता, वाळू खराब झाली नव्हती. केवळ दूरवर कोठेतरी निर्णय बदलले होते.

पुढे जे झाले ते अधिक लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. रिकामी पडलेली शेकडो पाहुणेघरे स्वस्त भाड्याच्या खोल्यांत वाटली गेली. मोठ्या शहरांत ज्यांना भाडे परवडत नव्हते असे बेकार, आजारी, एकाकी लोक तेथे येऊन राहिले. त्यांच्यासाठी काम नव्हते आणि गावातील तरुणांसाठीही नव्हते. आज ब्लॅकपूलची गणना इंग्लंडमधील सर्वांत वंचित भागांत होते आणि पुरुषांचे आयुर्मान तेथे सबंध इंग्लंडमध्ये नीचांकी आहे. एसेक्समधील जेविक हे लंडनकरांसाठी १९३० च्या दशकात उभारलेल्या स्वस्त सुटीघरांचे गाव. २०१०, २०१५ आणि २०१९ या तिन्ही सरकारी पाहण्यांत ते देशातील सर्वांत वंचित वस्ती ठरले. २०१९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीला आणि २०२१ साली इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला किनारी गावांवर स्वतंत्र अहवाल लिहावा लागला, यावरून दुखण्याचे गांभीर्य ध्यानी येईल.

ब्रायटन मात्र तगले. त्याचाही एक प्रसिद्ध धक्का १९७५ मध्ये बंद पडला आणि पुढे २००३ मध्ये जळाला. त्याचा लोखंडी सांगाडा अद्याप समुद्रात उभा आहे. परंतु शहर उभे राहिले, कारण त्याला पर्यटनाखेरीज दुसरे पाय होते. १९६१ मध्ये स्थापन झालेले ससेक्स विद्यापीठ होते, परिषदा होत्या आणि लंडनला रोज जाऊन-येऊन नोकरी करता येईल एवढ्या अंतरावर ते होते. ब्लॅकपूल आणि ब्रायटन यांच्यातील फरक समुद्राने केलेला नाही. तो समुद्राकडे पाठ करून जी इतर कामे चालत होती त्यांनी केला.

एकपिकी किनारा

आपण कोल्हापूरकर उसाच्या प्रदेशात राहतो. एकाच पिकावर जगणाऱ्या मुलखाला एका वर्षीचा भाव कसा हलवून सोडतो, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पर्यटन हेही असेच एक पीक आहे आणि उसापेक्षा नाजूक आहे. मे महिना, दिवाळी आणि नाताळ एवढाच त्याचा हंगाम. पावसाचे चार महिने समुद्र बंद. २०२० च्या टाळेबंदीत ते एका रात्रीत उभ्याचे आडवे झाले. ऊस निदान वाट पाहतो. एका रात्रीची रिकामी खोली पुन्हा कधीच विकता येत नाही.

यावर असे विचारले जाईल की, मग तरुणांनी करावे काय? पुन्हा मुंबईच गाठावी काय? माझे उत्तर तसे नाही. पर्यटन असावे, वाढावेही. परंतु ते गावाच्या दहा उद्योगांपैकी एक असावे, इतर नऊ उद्योगांना गिळणारे नसावे. आंबा, काजू, कोकम आणि मासळी हे या किनाऱ्याचे इतर पाय आहेत. त्यांतील मासळीची स्थिती नाजूक आहे. पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौकांनी मासा उपसून नेल्याची पारंपरिक मच्छीमारांची तक्रार इतकी तीव्र झाली की २०१६ साली राज्य शासनास त्या मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. एका बाजूने यांत्रिक नौका आणि दुसऱ्या बाजूने जलक्रीडा, यांच्या मध्ये रापण सापडली आहे. रापणीला काय लागते? मोकळा किनारा आणि एकत्र येणारी माणसे. यांपैकी पहिली गोष्ट पर्यटनाच्या हाती गेली, दुसरी मुंबईच्या. आणि मासळीच राहिली नाही, तर ज्या मालवणी जेवणासाठी आपण घाट उतरतो त्याची सुरमई बर्फाच्या पेटीतून परराज्यातून येईल.

दुसरा प्रश्न मालकीचा. पर्यटकाने खर्च केलेल्या रुपयाचा काही भाग गावात फिरतो आणि काही गळून बाहेर जातो. घरमालकिणीने शेजाऱ्याकडून घेतलेले मासे, बाजारातील वाण्याकडून घेतलेले तांदूळ, गावच्या रिक्षावाल्यास दिलेले भाडे, यांतून तोच रुपया दोनचार हात फिरतो. बाहेरच्या मालकाच्या हॉटेलात नफा बाहेर जातो आणि गावच्या वाट्यास पगार तेवढा राहतो. जमीन विकणाऱ्यास एकदा पैसा मिळतो. जमीन राखणाऱ्यास दरवर्षी मिळतो. शिरोडा-वेळागर येथे पंचतारांकित हॉटेलासाठी नव्वदच्या दशकात जमिनी संपादित झाल्या आणि तो प्रश्न पुढे दशकानुदशके लोंबकळत राहिला. ना शेती, ना हॉटेल. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे याच शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते आणि तेथूनच ते कोल्हापुरास आले. १९३० मध्ये या गावी मिठाचा सत्याग्रह झाला. किनाऱ्याची जमीन ही नुसती देखाव्याची जागा नसते, तेथे मिठागरे, शाळा आणि चळवळी असतात, हे आपण विसरत चाललो आहोत.

तिसरा प्रश्न निसर्गाच्या सहनशक्तीचा. एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी, यांच्यामधील चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर देवबाग गाव वसले आहे. समुद्र ही पट्टी वर्षानुवर्षे कुरतडीत आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत ग्रामीण किनाऱ्यावर नव्या बांधकामास मज्जाव केला होता. २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत ही मर्यादा पन्नास मीटरवर आणली. स्थानिकास स्वतःचे घर दुरुस्त करणे अवघड जात होते, ही जुन्या नियमाविरुद्धची तक्रार खरी होती. परंतु घर दुरुस्त करणारा आणि हॉटेल बांधणारा यांना एकाच मापाने मोजल्यास लाभ कोणाला होतो, हे उघड आहे.

सुरक्षिततेचा प्रश्नही यातूनच येतो. एप्रिल २०१७ मध्ये वायरीच्या समुद्रात बेळगावहून आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. समुद्राची खोडी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे त्या मच्छीमारांचा शब्द किनाऱ्यावर चालेनासा झाला, की असे अपघात वाढण्याचा धोका असतो. विद्यार्थ्यांना घेऊन जाणारा शिक्षक म्हणून मला त्या बातमीने पुढील कित्येक सहलींत झोप दिली नाही.

वाटा कोणाचा?

निराश होण्याचे मात्र कारण नाही, कारण योग्य वाट दाखविणारे प्रयोग याच किनाऱ्यावर झाले आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या स्त्रिया होडीतून पाहुण्यांना कांदळवनाची सफर घडवितात. ज्या खाडीत त्यांचा जन्म गेला, तिचेच ज्ञान त्यांचे भांडवल झाले आहे; आणि कांदळवन तोडले तर धंदा बुडेल, हे ओळखून त्या ते राखतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी २००२ पासून कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू झाले. त्यातून पुढे कासव महोत्सव उभा राहिला आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले. अंडी विकून एकदाच मिळणाऱ्या पैशापेक्षा पिल्ले समुद्रात सोडून दरवर्षी मिळणारे उत्पन्न मोठे आहे, हे गणित गावाने स्वतः सोडविले.

या दोन्ही उदाहरणांत मालकी गावाची आहे, पाहुण्यांची संख्या गावाला पेलेल एवढी आहे आणि मूळ वस्तू राखण्यातच फायदा आहे. शासनाने एवढे तीन निकष लावून जरी परवाने दिले, तरी पुष्कळ साधेल. जलक्रीडेची वेळ आणि जागा ठरविताना रापण संघाची संमती घ्यावी. हॉटेलांपेक्षा घरगुती निवासाला कमी व्याजाचे कर्ज मिळावे. आणि पर्यटनापासून मिळणाऱ्या करातील ठरावीक हिस्सा त्याच ग्रामपंचायतीस कचरा व पाणी यांसाठी परत मिळावा. सहकार ही तर आपल्या कोल्हापूरची विद्या. साखरकारखान्याचा भागधारक होण्यास जो शेतकरी शिकला, त्याचा घाटाखालचा भाऊ पर्यटनाचा भागधारक का होऊ नये? आपल्या सहकाराचे दोषही आपल्याला ठाऊक आहेत. ते टाळून गुण तेवढे घाट उतरवून नेता येतील. खरे तर रापण हाच एक जुना सहकार आहे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा, ही वाटणी तेथे कायद्याच्या पुस्तकाविना चालत आली आहे.

शेवटी आपले स्वतःचे काय, हेही विचारले पाहिजे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर शनिवारी रात्री जे पाहुणे येतात, त्यांत कोल्हापूर, सांगली आणि बेळगावचे आपणच पुष्कळ असतो. उतरण्यापूर्वी घर कोणाचे हे विचारणे, ज्याच्या अंगणात राहतो त्याच्या हाती पैसे देणे, बाटल्या परत आणणे आणि मच्छीमाराने ‘आज पाण्यात जाऊ नका’ म्हटल्यास ऐकणे, हे नियोजन आयोगावाचूनही करता येते. येत्या सुटीत आमच्या विद्यार्थ्यांची जी तुकडी जाईल, तिचा उतार त्या जुन्या घरामागच्या चार खोल्यांतच ठरला आहे. पहाटे रापण असली, तर प्रत्येकाने दोराला हात लावावा, असे मी त्यांना सांगितले आहे. वाटा मागावयाचा नाही, हेही सांगितले आहे. वाटे पडताना ते मोजके आणि न्यायाने कसे पडतात, एवढे त्यांनी पाहून यावे.